दोन्ही आलेख जुळले, तरी तळ का जुळत नाही?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. ऑक्टोबरमध्ये अमावास्येच्या आसपासच्या चार दिवसांत आपण वाशीच्या पुलाच्या दक्षिणेला, ठाणे खाडीच्या मुख्य प्रवाहमार्गात, मल्टीबीम सोनारने (होडीखाली पंख्यासारखे अनेक ध्वनिकिरण सोडून तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या उपकरणाने) तळाचे सर्वेक्षण केले. रोज सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेपाचला ध्वनिवेगाचा आलेख, म्हणजे खोलीनुसार पाण्यातील ध्वनीच्या वेगाची नोंद, घेतला. दोन्ही आलेख जवळजवळ एकमेकांवर बसले, म्हणून आपण निश्चिंत राहिलात. परंतु दुपारी घेतलेल्या पट्ट्यांच्या कडा सकाळच्या पट्ट्यांशी २० ते २५ सेंटिमीटरने जुळत नाहीत. दिवसातून किती वेळा आलेख घ्यावा आणि समुद्र तापत चालल्यामुळे ध्वनिवेगाची जुनी सूत्रे बदलावी लागतील का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी गेली बावीस वर्षे हे काम करतो. पहिली काही वर्षे मुंबई हायच्या परिसरातील पाइपलाइनच्या सर्वेक्षणात गेली आणि नंतरची बहुतेक सगळी ठाणे, पनवेल आणि करंजा येथील खाड्यांमध्ये. खाडीतील पाणी तिथीप्रमाणे बदलते आणि आपले वेळापत्रक कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे ठरलेले आहे. आपली अडचण मला या दोहोंच्या मधे दिसते, त्यामुळे ‘किती वेळा’ यापेक्षा ‘कोणत्या वेळी’ हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब ढोबळ असला तरी मुंबईच्या बाबतीत फारसा चुकत नाही. प्रत्यक्षात उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आसपास; खाडीत आत जावे तशी ही वेळ आणखी थोडी पुढे सरकते. आता आपल्या साडेसात आणि साडेपाचच्या वेळा यावर ठेवून पाहा. दोन्ही वेळा आपण ओहोटीच्या जवळचे, म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाकडून उतरून आलेले, पावसाळ्याचा गोडवा अजून टिकून असलेले पाणी मोजले. दुपारी तेथे समुद्राचे खारे पाणी भरलेले होते आणि ते कोणी मोजलेच नाही. दोन आलेख एकमेकांशी जुळले ते पाणी दिवसभर स्थिर होते म्हणून नव्हे, तर दोन्ही वेळा एकाच प्रकारचे पाणी आपल्या ध्वनिवेग मोजणाऱ्या प्रोबखाली होते म्हणून.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे ती मला चटकन दिसली. त्या कामात तपासणीसाने आमचा नकाशा परत पाठवला होता आणि आम्ही आठवडाभर रोल व पिच (होडीचे आडवे आणि उभे डोलणे), सेन्सरमधील अंतरे असे सगळे पुन्हा तपासत बसलो होतो. आमच्या होडीचा तांडेल दिवाळे गावचा होता. तो एका संध्याकाळी सहज म्हणाला, “साहेब, तुम्ही दोन्ही टायमाला वकटीचंच पाणी मोजता. दुपारी दर्या आत येतो, तवा तुमची मशीन पेटीत असते.” पुढच्या उधाणाला आम्ही दर तासाला आलेख घेतला आणि त्याचे म्हणणे आकड्यांत समोर आले.

आता हे आकडे किती मोठे असू शकतात ते पाहू, कारण २० सेंटिमीटर खरोखर पाण्यामुळे येऊ शकतात का, अशी शंका आपल्याला असेलच. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ३५ क्षारतेच्या (म्हणजे दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) समुद्रजलात ध्वनीचा वेग सुमारे १५४१ मीटर प्रति सेकंद असतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात तो सुमारे १५०४ असतो. म्हणजे आपल्याकडच्या कोमट पाण्यात क्षारतेचा एक एकक बदलला की वेग साधारण १ मीटर प्रति सेकंदाने बदलतो आणि तापमान एक अंशाने बदलले की सुमारे २.२ मीटर प्रति सेकंदाने. खुल्या समुद्रात क्षारता फारशी हलत नाही, म्हणून तेथे तापमानाकडे लक्ष द्यावे लागते. खाडीत पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत नेमके उलट असते. समजा, ओहोटीला क्षारता १८ आणि भरतीला ३० आहे. तापमान तेच राहिले तरी वेगात सुमारे १२ ते १३ मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला.

या फरकाचा तळावर होणारा परिणाम सगळ्या बीमवर (ध्वनिकिरणांवर) सारखा नसतो आणि निदानाच्या दृष्टीने हीच सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. ट्रान्सड्यूसरच्या (ध्वनी सोडणाऱ्या व परत ऐकणाऱ्या भागाच्या) तोंडाशी वेग बरोबर मोजला जात आहे आणि खालच्या पाण्याचा वेग मात्र चुकीचा धरला आहे, असे मानले तर खोलीतील चूक ही खोली, वेगातील चुकीचे प्रमाण आणि (१ − स्पर्शज्येचा, म्हणजे टॅनचा, वर्ग) यांच्या गुणाकाराइतकी असते. येथे स्पर्शज्या बीमच्या उभ्या रेषेशी असलेल्या कोनाची घ्यायची. सरळ खाली जाणाऱ्या बीमसाठी कंसातील किंमत १ येते. ४५ अंशांवर ती शून्य होते, म्हणजे त्या कोनावर आपण वेग थोडा चुकीचा धरला तरी खोली जवळजवळ बरोबरच येते. ६० अंशांवर ती उणे २ होते आणि ६५ अंशांवर उणे ३.६. आपल्या कामात पाणी १० मीटर धरले आणि वेगाची चूक १५३० मध्ये १३ धरली, तर मधल्या बीमची चूक साधारण ८ सेंटिमीटर, ६० अंशांच्या बीमची १७ सेंटिमीटर आणि तीही विरुद्ध दिशेने, तर ६५ अंशांवर ती ३० सेंटिमीटर येते. आपण पट्टा दोन्ही बाजूंना ६० ते ६५ अंशांपर्यंत उघडा ठेवला असेल, तर आपले २० ते २५ सेंटिमीटर येथेच सापडतात.

दिशाही ओळखता येते. प्रत्यक्षापेक्षा कमी वेग धरला की पट्ट्याच्या कडा खाली झुकतात आणि सपाट तळ उपड्या परातीसारखा दिसतो. जास्त वेग धरला की कडा वर उचलतात आणि तळ सरळ ठेवलेल्या परातीसारखा दिसतो. आपण ओहोटीचा, म्हणजे कमी वेगाचा, आलेख दुपारच्या खाऱ्या पाण्याला लावला आहे. तेव्हा माझा तर्क बरोबर असेल, तर दुपारचे पट्टे उपड्या परातीसारखे दिसायला हवेत. हे आपण आजच संगणकावर पाहू शकता. ते तसे दिसत नसतील, तर माझे पुढचे सगळे सांगणे सोडून द्या आणि दुसरीकडे शोध घ्या.

दुसरीकडे म्हणजे कोठे, तेही सांगतो, कारण २० सेंटिमीटरचा प्रत्येक फरक पाण्याच्या माथी मारण्याची सवय आमच्या धंद्यात आहे आणि ती मला आवडत नाही. संपूर्ण पट्टा आकार न बदलता वर किंवा खाली सरकलेला असेल, तर दोष बहुधा भरतीच्या उंचीत असतो. अपोलो बंदरचे भरतीचे आकडे वाशीला तसेच वापरता येत नाहीत. निमुळत्या खाडीत भरतीची वेळही बदलते आणि उंचीही. उधाणाच्या दिवसांत पाणी सहा तासांत चार-साडेचार मीटर चढते, त्यामुळे मधल्या तासांत वेळेची दहा मिनिटांची चूकही १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त महाग पडते. यावर कामाच्या जागेजवळ स्वतःचा भरतीमापक बसवणे किंवा आरटीके पद्धतीने (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान मिळवून) होडीची उंची थेट मोजणे हे उपाय आहेत. आरटीके वापरायचे असेल, तर उपग्रहावरून मिळणारी उंची आणि नकाशाची आधारपातळी (नकाशातील खोली जिच्यापासून मोजतात ती) यांतील अंतर त्या जागेसाठी आधी ठरवून घ्यावे लागते. पट्टा एका बाजूने वर व दुसऱ्या बाजूने खाली असा तिरपा झाला असेल, तर रोलचा कोन तपासावा. केवळ वेगाने चालवलेल्या रेषा उथळ दिसत असतील, तर होडी उथळ पाण्यात खाली बसते आहे.

गाळाचा मुद्दा मात्र वेगळा आणि अधिक चिवट आहे. आपल्या खाडीत तळ कोठे संपतो आणि पाणी कोठे सुरू होते हे पुष्कळ ठिकाणी ठामपणे सांगता येत नाही. उधाणाच्या जोरदार प्रवाहात गाळ वर उठतो, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवसांत तो पातळ पेजेसारख्या थराने खाली बसतो. २०० किलोहर्ट्‌झ किंवा त्याहून वरच्या वारंवारितेचे सोनार या थराच्या माथ्यावरून परत फिरते. ३३ किलोहर्ट्‌झसारख्या खालच्या वारंवारितेचा आवाज त्यातून आत जाऊन खालच्या घट्ट चिखलावरून परततो. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरीच असतात, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची असतात. म्हणूनच रॉटरडॅमसारख्या बंदरात प्रतिघनमीटर १२०० किलो घनतेची पातळी ही जहाजांसाठीचा तळ म्हणून धरण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याजवळ दुहेरी वारंवारितेचा साधा इको साउंडर असेल, तर त्याच्या दोन रेषा किती दूर आहेत हे पाहून घ्यावे. नसेल, तर शिसाचा ओळंबा घेऊन चार ठिकाणी हाताने मोजावे. त्यात कमीपणा काही नाही. गाळामुळे आलेला फरक परातीचा आकार धरत नाही, तो जागोजागी ठिगळांसारखा दिसतो.

आता पुढच्या वेळी काय बदलावे. भरतीच्या एका चक्रात किमान पाच आलेख घ्यावेत असे मी सुचवीन: ओहोटीच्या संथ पाण्यात एक, भरती चढत असताना दोन, पूर्ण भरतीला एक आणि उतरताना एक. घड्याळातील वेळ रोज पाऊण तासाने पुढे जाईल. ते जाऊ द्यावे. त्याखेरीज ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी असलेला सेन्सर दाखवतो तो वेग आणि शेवटच्या आलेखातील त्याच खोलीवरचा वेग यांतील फरक पडद्यावर सतत दिसेल असा ठेवावा आणि तो २ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे गेला की वेळ न पाहता नवा आलेख घ्यावा. २ हा आकडा माझा आहे. १० मीटर पाण्यात तो मला पुरतो. हा सेन्सर मात्र रोज स्वच्छ करावा. आपल्या खाडीत त्यावर चार दिवसांत गाळाचा थर आणि बारीक शिंपले धरतात. ट्रान्सड्यूसर सपाट प्रकारचा असेल, तर बीम कोणत्या कोनात सोडायचे हे याच सेन्सरच्या आकड्यावर ठरते.

उधाण आणि भांग यांत पाण्याची रचनाही वेगळी असते, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. उधाणात पाणी वरपासून खालपर्यंत घुसळले जाते, त्यामुळे एका जागेचा आलेख सरळ येतो, परंतु दोन किलोमीटर पुढे तो वेगळा असतो आणि दोन तासांनी आणखी वेगळा. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो. वर हलके गोडसर पाणी आणि खाली जड खारे पाणी असे थर टिकून राहतात. तेव्हा प्रोब पाण्यात बुडवल्यावर मिनिटभर पृष्ठभागाखाली धरून ठेवावा, त्याचे तापमान स्थिरावू द्यावे आणि मग सावकाश सोडावा. दोरी भराभर सोडली, तर वरच्या दीड-दोन मीटरमधला सगळा बदल निसटतो आणि किरणांचे अपवर्तन नेमके तेथेच घडते. प्रोब खाली चिखलात रुतल्यावरचे आकडे आलेखातून काढून टाकायला विसरू नये.

रेषांची आखणीही पाण्याला धरून करावी. वाशीपासून खाली एकच लांबलचक रेषा चालवण्याचा मोह होतो, कारण वळणे कमी लागतात आणि डिझेल वाचते. तरीही मी साधारण एक किलोमीटर लांबीचे तुकडे पाडतो आणि एक तुकडा भरतीच्या एकाच टप्प्यात संपवतो, म्हणजे त्याला लावायचा आलेख कोणता याबद्दल वाद राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आलेख निवडण्यासाठी ‘वेळेने जवळचा’ आणि ‘अंतराने जवळचा’ असे पर्याय असतात. खाडीसाठी त्यांपैकी कोणताही डोळे झाकून निवडू नये. दुपारी दोनच्या रेषेला त्याच दिवशी सकाळी अकराला घेतलेल्या आलेखापेक्षा आदल्या दिवशी दुपारी सव्वाला घेतलेला आलेख कधी कधी अधिक चपखल बसतो, कारण तो भरतीच्या त्याच टप्प्यावरचा असतो. मधे मोठा पाऊस झाला असेल, तर हे लागू नाही.

पट्ट्याची रुंदी हा शेवटचा आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाणी फार अस्थिर असेल, तर पट्टा दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतच ठेवावा. वर सांगितल्याप्रमाणे त्या कोनावर ध्वनिवेगाची चूक जवळजवळ नाहीशी होते आणि त्याच्या आत ती मधल्या बीमच्या चुकीपेक्षा कधीच जास्त नसते. १० मीटर पाण्यात ६० अंशांनी सुमारे ३५ मीटर रुंदीचा तळ मिळतो आणि ४५ अंशांनी २० मीटर. रेषा पावणेदोन पट वाढतील, हे मान्य आहे. हा खर्च करावा की नाही हे कामाच्या हेतूवर अवलंबून आहे. ड्रेजिंगच्या मोजमापासाठी सर्वेक्षण असेल, तर एक चौरस किलोमीटरवर १० सेंटिमीटरची चूक म्हणजे एक लाख घनमीटर गाळ, आणि त्याचे पैसे कोणाला तरी द्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ मानकातील ‘विशेष’ श्रेणी पाळायची असेल, तर १० मीटर खोलीवर सगळ्या कारणांची मिळून चूक सुमारे २६ सेंटिमीटरच्या आत राहायला हवी. त्यातले १७ एकट्या ध्वनिवेगाने खाल्ले, तर भरती, होडीची हालचाल आणि उपकरणे यांच्यासाठी फारसे काही उरत नाही. नुसती खोलीची सर्वसाधारण कल्पना हवी असेल, तर मात्र एवढी काटेकोरता परवडत नाही आणि तिची गरजही नसते.

समुद्राच्या तापण्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या जागी आहे. सूत्रे पाण्याच्या भौतिक गुणधर्मांची आहेत, ती समुद्र तापल्याने जुनी होत नाहीत. परंतु प्रत्येक सूत्राला मर्यादा असते. मॅकेन्झी यांचे १९८१ चे सूत्र २ ते ३० अंश तापमानासाठी आणि २५ ते ४० क्षारतेसाठी दिलेले आहे. पावसाळ्यानंतरची खाडी क्षारतेने या मर्यादेखाली असते आणि मे महिन्यातले उथळ पाणी तापमानाने मर्यादेवर जाते. चेन आणि मिलेरो यांचे १९७७ चे सूत्र ० ते ४० अंश आणि ० ते ४० क्षारता एवढ्या पल्ल्याचे आहे. आपला प्रोब क्षारता व तापमान मोजून वेग काढणारा असेल, तर त्यात हे सूत्र निवडलेले आहे का ते पाहावे. वेग थेट मोजणारा प्रोब असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते हवामानबदलाने खरे बाद केले आहेत ते जुने सरासरी आलेख. ‘नोव्हेंबरात येथे एवढा वेग असतो’ असे म्हणून मागच्या कामाची फाइल उघडण्याची पद्धत मुंबई हायच्या ७०-८० मीटर पाण्यातसुद्धा आता धोक्याची आहे, कारण तेथे उष्ण आणि थंड थरांची सीमा ऋतूप्रमाणे आणि अंतर्गत लाटांप्रमाणे वर-खाली होते. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ यांसारखी वादळे किनाऱ्याजवळून गेली की पाणी घुसळले जाते आणि गाळही जागा बदलतो. अशा वेळी आधीचे आलेखच नव्हे, तर आधीचा तळही प्रमाण मानता येत नाही.

आपण घेतलेले काम वाया गेले आहे असे समजू नये. मल्टीबीमच्या मूळ नोंदीत जाण्या-येण्याचा काळ आणि कोन जपून ठेवलेले असतात, त्यामुळे नवा आलेख लावून सगळे पुन्हा गणता येते. दुपारचा आलेख आपल्याजवळ नाही, एवढीच अडचण आहे. पंधरा दिवसांनी येणाऱ्या पौर्णिमेच्या उधाणाला, मधे पाऊस झाला नसेल तर, त्याच जागी भरतीच्या त्याच टप्प्यांवर आलेख घ्यावेत. त्याच फेरीत पूर्ण भरतीच्या संथ पाण्यात जुन्या पट्ट्यांना काटकोनात छेदणाऱ्या दोन-तीन रेषा घ्याव्यात आणि त्यांचा फक्त मधला भाग प्रमाण धरून दुपारच्या पट्ट्यांच्या कडा त्याच्याशी ताडून पाहाव्यात. नवे आलेख लावल्यावर परातीचा आकार मोडला, तर ते वापरावेत आणि अहवालात ते कोणत्या दिवशी घेतले हे स्पष्ट लिहावे. कडा सपाट करून देणारे सॉफ्टवेअरमधील बटण मात्र आधी दाबू नये. ते खऱ्या उतारालाही सपाट करते आणि प्रवाहमार्गाच्या दोन्ही काठांना आपल्याकडे खरा उतार आहे.

जाळ्यांच्या खुंटांमुळे त्या पट्ट्यात दुपारी होडी आडवी नेणे अवघड जाते, तेव्हा छेदरेषांची जागा तांडेलाला विचारूनच ठरवावी. आपल्या ट्रान्सड्यूसरचा प्रकार सपाट की वक्र आणि पट्टा किती अंशांपर्यंत उघडा होता, हे दोन तपशील कळवल्यास वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा करून देता येईल.